शरीराचा प्रतिसाद आणि त्यावरून होणारे निवाडे

कामजीवनाविषयी विचारल्या जाणाऱ्या बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एक समजूत असते, ती अशी की शरीराचा प्रतिसाद हा प्रेमाचा, पौरुषाचा किंवा चारित्र्याचा पुरावा असतो. ताठरता आली नाही म्हणजे पुरुषत्व गेले, ओलावा आला म्हणजे संमती होती, झोपेत वीर्यस्खलन झाले म्हणजे मन मलिन आहे, असे निष्कर्ष या समजुतीतूनच निघतात आणि शरीरशास्त्राच्या कसोटीवर त्यांतील एकही टिकत नाही.

कामोत्तेजना, म्हणजे लैंगिक उद्दीपनाला शरीराने दिलेला प्रतिसाद, ही मुख्यतः रक्ताभिसरणाची क्रिया आहे. हृदयाची गती आणि पचन इच्छेच्या हुकमाविना चालवणारी जी स्वायत्त चेतासंस्था, तिची परानुकंपी शाखा शरीर निवांत असताना जननेंद्रियांकडे संदेश पाठवते. तेथे नायट्रिक ऑक्साइड तयार होऊन रक्तवाहिन्यांभोवतीचे स्नायू सैलावतात आणि ऊतींमध्ये रक्त भरते. पुरुषात यातून ताठरता येते, तर स्त्रीची शिश्निका फुगते व योनीच्या भित्तिकांतून द्रव पाझरतो. भीती किंवा अपयशाची धास्ती असेल, तर संकटकाळी शरीराला सज्ज करणारी अनुकंपी शाखा वरचढ ठरते व रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे जमेल की नाही या काळजीनेच अनेकांचे जमत नाही. याउलट निरोगी पुरुषाला झोपेच्या स्वप्नावस्थेत रात्रीतून साधारण ३ ते ५ वेळा ताठरता येते, आणि तिचा कामुक स्वप्नांशी संबंध असावाच लागत नाही.

मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९६६ साली या प्रतिसादाच्या उद्दीपन, स्थिरावस्था, परमोत्कर्ष आणि शमन अशा चार अवस्था मांडल्या, परंतु इच्छेचा प्रश्न त्या मांडणीत सुटलेला नव्हता. २००० साली संशोधक रोझमेरी बॅसन यांनी असे मांडले की अनेक स्त्रियांमध्ये, विशेषतः दीर्घ सहजीवनात, इच्छा आधी आणि उत्तेजना नंतर असा क्रम नसून जवळीक व स्पर्श यांतून उत्तेजना येते आणि तिच्या मागोमाग इच्छा जागी होते. आपणहून इच्छा होत नाही एवढ्यावरून कोणत्याही स्त्रीला थंड ठरवणे म्हणूनच अशास्त्रीय आहे.

प्रतिसादातील बिघाड मात्र दुर्लक्ष करण्याजोगा नसतो. शिश्नाच्या रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांहून बारीक असल्याने मधुमेह, उच्च रक्तदाब आणि धूम्रपान यांमुळे होणारी हानी तेथे बहुधा आधी जाणवते, आणि ताठरतेची सततची अडचण हृदयविकाराची पूर्वसूचना ठरू शकते. काही रक्तदाबाच्या व नैराश्याच्या औषधांमुळे, तसेच रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटल्याने येणाऱ्या कोरडेपणामुळेही अडचण उद्भवते, आणि यांपैकी बहुतेक कारणांवर उपाय आहेत. १९९८ पासून वापरात असलेले सिल्डेनाफिल हे ताठरतेसाठीचे औषध रक्तप्रवाहास साहाय्य करते, इच्छा निर्माण करीत नाही, आणि छातीदुखीसाठी नायट्रेट घेणाऱ्याने ते घेतल्यास रक्तदाब धोकादायक रीतीने उतरतो. ते दुकानातून परस्पर आणणे त्यामुळेच घातक आहे.

महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून अशा प्रश्नांची उघड चर्चा केली आणि त्यापायी अश्लीलतेचे खटले सोसले. त्याच महाराष्ट्रात ‘धातू जाण्याच्या’ भीतीवर आणि ‘मर्दानी ताकदी’च्या जाहिरातींवर भोंदूंचा धंदा चालावा, ही लाजिरवाणी गोष्ट आहे, कारण वीर्य शरीरात सतत तयार होत असते आणि त्याच्या स्खलनाने शक्ती घटत नाही.

सर्वांत गंभीर गैरसमज संमतीविषयीचा आहे. धाकात किंवा बळजबरीतही जननेंद्रिये प्रतिसाद देऊ शकतात, आणि तसे घडलेल्या व्यक्ती अनेकदा स्वतःलाच दोषी मानतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ नुसार संमती म्हणजे स्त्रीने शब्द, हावभाव किंवा अन्य मार्गाने स्वेच्छेने दिलेला निःसंदिग्ध होकार होय. शरीराच्या अनैच्छिक क्रियेला त्या व्याख्येत जागा नाही. शरीरातील अडचण डॉक्टरांना निःसंकोच सांगावी आणि इच्छा आहे की नाही हे जोडीदाराला विचारूनच जाणून घ्यावे. अंगाच्या प्रतिसादावरून ती ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही.