कड्यावरच्या उडीला मनाई पुरत नाही, तळ मोजावा लागतो

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सिंधुदुर्ग

विषय : समुद्रकड्यावरून उडी मारण्याचा खेळ नियमांत आणण्याबाबत

महोदय,

मालवण, देवगड आणि वेंगुर्ले तालुक्यांत पर्यटकांना फिरवणाऱ्या होडीवाल्यांची व गाइडची आमची संघटना आहे. मोबाइलवर व्हिडिओ बघून ‘ती उडीची जागा कुठे’ असं विचारत येणारी मुलं आता आम्हाला नवी नाहीत. अपघात झाला की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली मनाई निघते, फलक लागतो. महिनाभराने त्याच फलकावर कोणीतरी ओला टॉवेल वाळत घातलेला दिसतो. उडी थांबत नाही, ती होडी नाही, माणूस नाही अशा कड्याकडे सरकते.

आमचं म्हणणं एकच आहे. इथला धोका जेवढा उंचीत आहे, त्याहून जास्त तळात आहे. आपले कडे बहुतेक जांभ्याचे. पावसाळी लाटा पायथा पोखरतात, वरचा दगड सुटतो आणि नेमका उडीच्या जागी जाऊन बसतो. मागच्या नोव्हेंबरात आम्ही शिसं बांधलेली दोरी सोडली. जिथे चार वाव पाणी धरून चाललो होतो, तिथे दोरी दीड वावावर थांबली. खाली रिक्षाएवढा चिरा होता. होडीतले म्हातारे एवढंच म्हणाले, ‘‘पावसान तळ बदलल्यान.’’ तो चिरा वरून दिसत नव्हता. गढूळ पाण्यात दिसणारही नव्हता.

म्हणून पहिली आणि मुख्य मागणी : उडीची प्रत्येक जागा दरवर्षी पाऊस ओसरल्यावर, उधाणाच्या ओहोटीला मोजावी. भरतीला मोजलेली खोली फसवते. उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो. मोजलेला आकडा आणि तारीख कड्यावर रंगवावी. यंदाची तारीख नसेल तर ती जागा बंद समजावी.

उंचीलाही मर्यादा हवी. पाच मीटरवरून पडणारा माणूस ताशी 36 किलोमीटरच्या वेगाने पाण्यावर आदळतो, दहा मीटरवरून 50 च्या. हौशी पर्यटकाला पाच मीटर पुरे, तेही पाय खाली, हात अंगाशी. सूर मारू देऊ नये. डोकं तळाला लागलं तर मानेचा मणका जातो. 2013 साली बार्सिलोनाच्या जागतिक जलतरण स्पर्धेत पुरुषांनी 27 मीटरवरून उड्या घेतल्या. ते कसलेले खेळाडूही पाण्यात पाय खाली करूनच शिरतात, आणि खाली पाणबुडे सज्ज असतात. आमच्याकडच्या कॉलेजच्या पोराला मात्र मित्राची शिट्टी पुरते.

उडीपेक्षा बाहेर येणं कठीण, हे कोणी सांगत नाही. लाट माणसाला खडपावर घासते आणि कालवांच्या धारेने तळपाय, तळहात चिरतात. म्हणून खाली होडी, दोरी आणि प्रशिक्षित माणूस असल्याशिवाय उडी नको. पायांत बूट आणि अंगात लाइफ जॅकेट हवं. हा माणूस तयार करण्यासाठी तारकर्लीच्या पर्यटन महामंडळाच्या स्कूबा संस्थेत स्थानिक मुलांसाठी अभ्यासक्रम सुरू करावा. मणक्याला मार लागलेल्याला चौघांनी हातापायांना धरून उचलू नये, एवढं जरी त्यातून गावात पोचलं तरी खूप. ताठ फळीचं स्ट्रेचर प्रत्येक मान्य जागेजवळ ठेवावं.

जलक्रीडांची पावसाळी बंदी उडीलाही लागू करावी. मालवण सागरी अभयारण्याच्या गाभ्यात उडीची जागा मुळीच देऊ नये. तिथल्या मनाईला आमचा पाठिंबा आहे. दारू पिऊन आलेल्याला परत पाठवण्याचा अधिकार गाइडला लेखी मिळावा, नाहीतर भांडण आमच्याच अंगावर येतं.

मोजणीला दोन होड्या आणि दोरी आम्ही विनामोबदला देऊ. आपला एक कर्मचारी होडीत बसावा. ओहोटीची वेळ आदल्या दिवशी कळवू.

आपले,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद