विश्लेषण : क्लाऊडचा नकाशा हाती असूनही बिघाड सापडत का नाही?

पैसे खात्यातून जातात, तिकीट मात्र येत नाही. ॲपवर नुसते चक्र फिरत राहते. अशा वेळी पडद्यामागे बहुतेकदा कोणताही सर्व्हर बंद पडलेला नसतो. ॲपवाले सांगतात आमच्याकडे सगळे ठीक आहे, डेटाबेसवाले सांगतात आमच्याकडेही ठीक आहे, आणि दोष नेटवर्कच्या माथी जातो. पूर्वी निदान खोलीत जाऊन वायर हलवून पाहता येत असे. क्लाऊडमध्ये वायर, स्विच, फायरवॉल हे सगळे सॉफ्टवेअरमधील नियम झाले आहेत. न दिसणारे हे जाळे चित्ररूपात दाखवणारी साधने मोठ्या क्लाऊड कंपन्या देतात. ती उपयोगी आहेत, यात वाद नाही; पण त्यांच्याकडून भलतीच अपेक्षा ठेवली जाते.

चित्रात असते काय?

ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. गणितात यालाच ग्राफ म्हणतात. ऑयलरने १७३६ मध्ये कोनिग्सबर्ग शहरातील सात पुलांचे कोडे याच पद्धतीने सोडवले होते. गुगल क्लाऊडच्या ‘नेटवर्क टोपॉलॉजी’ या साधनात ठिपका म्हणजे एखादा सर्व्हर, सर्व्हरचा गट किंवा लोड बॅलन्सर, आणि रेष म्हणजे त्यांच्यातील वाहतूक. आधी देश-प्रदेश दिसतात, ठिपक्यावर बोट ठेवून उलगडत गेले की थेट एका सर्व्हरपर्यंत पोहोचता येते. किती डेटा गेला, किती उशीर लागला, हे रेषेवर दिसते. मायक्रोसॉफ्टच्या अझूरमध्येही ‘नेटवर्क वॉचर’ अशीच रचना काढून दाखवतो.

मग फायदा कुठे होतो?

समजा, एका ॲपचे सर्व्हर आणि डेटाबेस मुंबईत आहेत. सणाच्या खरेदीला गर्दी उसळते, मुंबईचे सर्व्हर भरतात आणि लोड बॅलन्सर उरलेले ग्राहक सिंगापूरच्या राखीव सर्व्हरकडे वळवतो. तो त्याचे काम चोख करतो. पण डेटाबेस अजून मुंबईतच आहे. सिंगापूर-मुंबई अशी जाण्यायेण्याची एक फेरी साधारण ६० मिलीसेकंदांची. एक पान उघडायला डेटाबेसला एकामागून एक २० प्रश्न विचारावे लागत असतील, तर सव्वा सेकंदाच्या आसपास वेळ नुसता प्रवासात जातो. सगळे दिवे हिरवे, एकही त्रुटी नोंदलेली नाही, आणि ग्राहक वैतागलेला. हजारो ओळींच्या नोंदी चाळून हे कळायला अर्धा दिवस लागू शकतो. चित्रात सिंगापूरकडे जाणारी जाड रेष काही क्षणांत डोळ्यात भरते. महिन्याच्या बिलात दुसऱ्या देशात गेलेल्या डेटाचे पैसे का वाढले, याचे उत्तरही त्याच रेषेत असते.

जे दिसत नाही, त्याचे काय?

इथेच गडबड होते. हे चित्र झालेल्या वाहतुकीवरून काढले जाते. ज्यांच्यात बोलणे झालेच नाही, त्यांच्यात रेष नाही. फायरवॉलच्या चुकीच्या नियमाने रस्ता अडवला तर तिथे लाल फुली येत नाही. रेष फक्त नाहीशी होते. नसलेली गोष्ट शोधायची, तर ती असायला हवी होती हे आधी माहीत असावे लागते. गुगलचे साधन तासागणिक चित्रे टिपते आणि सहा आठवडे मागे जाऊन पाहू देते, म्हणून कालचे आणि आजचे चित्र शेजारी ठेवणे हा त्याचा सर्वांत मोलाचा वापर. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हा पडदा बिघाड झाल्यावरच पहिल्यांदा उघडला जातो. निरोगी चित्र कधी पाहिलेच नसेल, तर रात्री दोन वाजता आजारी चित्र ओळखणार कसे?

रस्ता कोणी अडवला, हे सांगणारी साधने वेगळी आहेत. ॲमेझॉनने डिसेंबर २०२० मध्ये आणलेला ‘रीचॅबिलिटी ॲनालायझर’ प्रत्यक्ष डेटा पाठवतच नाही. नियम वाचून तर्काने रस्ता तपासतो आणि अडथळ्याचे नाव सांगतो. चित्राने जागा शोधावी आणि कारण अशा तपासणीने, ही विभागणी पाळली तर निम्मी भांडणे मिटतील. आणि ते चित्र फक्त नेटवर्क विभागाच्या कुलपात ठेवू नये. हल्लेखोरासाठी असा नकाशा म्हणजे खजिनाच, हा आक्षेप खरा आहे. पण ॲप सांभाळणाऱ्यांना आपल्यापुरता भाग पाहण्याची, काहीही न बदलता येणारी परवानगी देता येते. ती न दिल्याने वाया जाणारा वेळ ग्राहकाचा असतो.

नकाशाच अडकला तर?

तसे झाले आहे. २ जून २०१९ रोजी गुगलमध्ये एका प्रदेशातील मोजक्या सर्व्हरसाठीचा बदल चुकून शेजारच्या अनेक प्रदेशांना लागू झाला आणि तिथली निम्म्याहून अधिक नेटवर्क क्षमता वापराबाहेर गेली. बिघाड लगेच लक्षात आला, पण अभियंत्यांची साधनेही त्याच कोंडीत सापडल्याने दुरुस्ती लांबली. ७ डिसेंबर २०२१ रोजी ॲमेझॉनच्या अमेरिकेतील व्हर्जिनिया प्रदेशात अंतर्गत नेटवर्क तुंबले आणि त्यांच्याच चमूला ताजी आकडेवारी मिळेनाशी झाली.

ज्यांचे सगळे कामकाज एकाच क्लाऊडवर आहे, अशा बँका, रुग्णालये, तिकीट कंपन्या यांनी म्हणूनच आपल्या रचनेची तारीखवार प्रत त्या क्लाऊडबाहेर ठेवायला हवी. चक्क छापील असली तरी चालेल. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचे नेटवर्क सुमारे सहा तास जगापासून तुटले, तेव्हा अंतर्गत साधनेही बंद पडल्याने अभियंत्यांना डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष पाठवावे लागले. तिथली सुरक्षा इतकी कडेकोट, की आत शिरून यंत्रांना हात लावेपर्यंतच बराच वेळ गेला.