कोरी की वापरलेली?

चुडाव्याच्या स्टेशनावर पॅसेंजरची वाट पाहताना कुठल्याही विषयावर दोन तट पडतात. परवा पडले ते रायफलीवरून. रानडुकरांनी माझा हरभरा नांगरल्यासारखा उकरला, तेव्हा बंदूक घेतो म्हणालो, तर नांदेडचे मेहुणे कडाडले, "घ्यायची तर इशापूरची कोरी ३१५! वापरलेली म्हणजे दुसऱ्याची कवळी!"

का हो? जुन्या जीपचं मीटर फिरवता येतं. नळीचं तसं नाही. उजेडाकडे धरून आत डोकावलं की खाचा झिजल्यात की गंज चढलाय, सगळं दिसतं. कोरीच्या बाजूने बोलतं ते फक्त खोकं.

आणि कोरीने मारायचं काय? १९७२ च्या कायद्याने शिकारीचा शौक संपवला. काळविटाकडे बोट दाखवायचीही भीती! रानडुकराला वन खात्याची परवानगी, त्याआधी १९५९ च्या कायद्याखाली बंदुकीचा परवाना. मेहुण्यांचा मुद्दा डुकरांचा नाहीच, दिवाणखान्यातल्या खुंटीचा आहे. आणि खुंटीला जुनी चालते!

डुकरं काल रात्री पुन्हा आली. परवान्याचा अर्ज अजून माझ्या खिशातच आहे. मी पहाटेपर्यंत डबा बडवत बसलो. तोही वापरलेलाच, डालड्याचा.