मेंदूचा मुका मार

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. नववीतला एक मुलगा तालुक्याच्या शालेय कबड्डी स्पर्धेत चढाई करताना पडला. समोरच्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला होता. दोन मिनिटे तो सुन्न बसून राहिला. कोणी तोंडावर पाणी मारले, कोणी पाठ थोपटली आणि पोरगा पुन्हा चढाईला गेला. सामना जिंकला. संध्याकाळी घरी मात्र तो आईला पुन्हा पुन्हा विचारू लागला, "आई, आपली मॅच कधी आहे गं?" तेव्हा घाबरून वडील त्याला माझ्याकडे घेऊन आले.

सीटी स्कॅन नॉर्मल आला. वडिलांनी सुटकेचा श्वास टाकला. "म्हणजे काही नाही ना, डॉक्टर?"

वाचकहो, काही वर्षांपूर्वी मीही "रिपोर्ट चांगला आहे, काळजी करू नका" एवढेच सांगून पालकांना घरी पाठवत असे. ते अपुरे होते, हे मला कबूल केले पाहिजे. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हाड मोडले असेल तर दिसते. पण जोराच्या धक्क्याने मेंदू कवटीत हिंदकळतो आणि त्याचे काम काही काळ बिघडते, ते त्या फोटोत दिसत नाही. यालाच डॉक्टर कन्कशन म्हणतात. मी त्याला मेंदूचा मुका मार म्हणतो. रक्त नाही, टेंगूळही नसेल, पण मार आहे.

मूल बेशुद्ध पडले नाही म्हणजे काही झाले नाही, हा मोठा गैरसमज आहे. कन्कशन झालेली बहुतेक मुले शुद्धीवरच असतात. डोके दुखणे, मळमळणे, गरगरणे, उजेड व गोंगाट सहन न होणे, तोच तो प्रश्न विचारणे, वाचलेले डोक्यात न शिरणे, विनाकारण चिडणे, ही याची लक्षणे. अगदी लहान मूल किरकिर करते, खेळण्यात रमत नाही. काही वेळा हे सारे दुसऱ्या दिवशी उमटते. २०१९ साली लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या मानेवर चेंडू आदळला. तपासणीनंतर तो पुन्हा फलंदाजीला आलाही. दुसऱ्या दिवशी त्रास जाणवू लागला आणि त्याला सामन्यातून बाहेर काढावे लागले. डॉक्टरांचा ताफा सोबत असताना ही स्थिती, मग आपल्या शाळेच्या मैदानाचे काय?

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. डोक्याला मार लागून नुसती शंका आली, तरी त्या दिवशी मुलाला पुन्हा खेळवू नये, मग सामना अंतिम का असेना. हा निर्णय मुलावर सोडू नये. तो "मला काही होत नाही" असेच म्हणणार. मेंदू सावरण्याआधी दुसरा मार बसला, तर बरे व्हायला फार वेळ लागतो. क्वचित मेंदूला सूज येऊन जीवही जातो.

घरी काय करावे? पहिले एक-दोन दिवस विश्रांती, पण अंधाऱ्या खोलीत कोंडून नव्हे. घरात फिरावे, मोबाईल व टीव्ही दूर ठेवावा. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवले असेल, तर मुलाला झोपू द्यावे. रात्रभर जागे ठेवण्याचा हट्ट नको. डोकेदुखीला वजनाच्या प्रमाणात पॅरासिटामॉल पुरते. ॲस्पिरिन देऊ नये. मग थोडा थोडा अभ्यास, हवी तर अर्धा दिवस शाळा. आधी पूर्ण शाळा, मगच मैदान, तेही पायरीपायरीने आणि डॉक्टरांना दाखवून. बहुतेक मुले चार आठवड्यांत ठणठणीत होतात.

मात्र वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, जागे करूनही न उठणे, बोलणे अडखळणे, हातापायातली शक्ती जाणे, बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, नाका-कानातून पाणी किंवा रक्त येणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करून थेट मोठे रुग्णालय गाठावे.

आठ दिवसांनी तो मुलगा वडिलांसह आला. जिल्ह्याचा सामना होता, 'फिट' असल्याचा दाखला हवा होता. धडा वाचताना त्याचे डोके अजून दुखत होते. मी दाखला दिला नाही. क्रीडाशिक्षक नाराज झाले, संघ हरला, मुलगा माझ्याशी बोलेना. महिन्याभराने तो मैदानावर परतला. रस्त्यात भेटला की अजून मान फिरवतो. फिरवू दे. मान फिरवण्याइतका तो धडधाकट आहे, यातच मला समाधान आहे.