आयटीची नोकरी सोडून सामाजिक उद्योजक व्हायचंय? आधी ‘पैसे कोण देणार’ ते समजून घ्या

जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं आपले सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून जास्त कर्मचारी कमी करणार असल्याचं जाहीर केलं. त्याची झळ मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतल्या लोकांना बसणार होती. तेव्हापासून हिंजवडीपासून बेंगळुरूपर्यंत एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातोय. पंधरा वर्षं कोडिंग आणि मॅनेजमेंट केलं, आता पुढे काय?

त्यावरचं एक आवडतं उत्तर म्हणजे शेती, शिक्षण किंवा आरोग्य या क्षेत्रात स्वतःचा सामाजिक उद्योग सुरू करणं. पण हा रस्ता नेमका कसा आहे?

सामाजिक उद्योग म्हणजे काय?

समाजाचा एखादा प्रश्न सोडवणं हा मुख्य हेतू आणि त्यासाठी उद्योगासारखं शिस्तीत चालणारं काम, असा याचा ढोबळ अर्थ. कंपनी कायद्यात मात्र ‘सामाजिक उद्योग’ असा वेगळा प्रकार नाही. त्यामुळे सुरुवातीलाच निवड करावी लागते.

ट्रस्ट, सोसायटी किंवा ‘सेक्शन ८’ कंपनी काढली तर देणग्या घेता येतात, पण नफा वाटून घेता येत नाही. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली तर गुंतवणूकदार आणता येतात, पण करसवलतीच्या देणग्या आणि बहुतेक सीएसआर निधीचं दार बंद होतं. ही निवड कागदोपत्री वाटते, पण पुढे पगार कुठून होणार हे तिच्यावरच ठरतं.

इंजिनिअरचा पहिला अंदाज कुठे चुकतो?

रिकिन गांधी हे एमआयटीत शिकलेले, ओरॅकलमध्ये काम केलेले इंजिनिअर. बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये असताना २००६ च्या सुमारास त्यांनी शेतकऱ्यांना व्हिडिओतून शेतीची माहिती देण्याचा प्रयोग सुरू केला. त्यातूनच पुढे ‘डिजिटल ग्रीन’ ही संस्था उभी राहिली.

प्रयोगात लक्षात आलं की व्हिडिओ किती सफाईदार आहे, यापेक्षा त्यात कोण बोलतंय याकडे शेतकऱ्यांचं लक्ष असतं. माणूस आपल्यातलाच, आपल्या भागातला असेल तर विश्वास बसतो. शिवाय व्हिडिओ थांबवून प्रश्न विचारणारी, चर्चा घडवणारी गावातलीच व्यक्ती लागते. कर्नाटकातल्या १६ गावांमधल्या सुरुवातीच्या अभ्यासात, शेतकऱ्यांना भेटून सल्ला देण्याच्या नेहमीच्या पद्धतीपेक्षा ही पद्धत दर रुपयामागे दहापट परिणामकारक ठरली.

याच प्रयोगशाळेच्या संस्थापकांपैकी एक, केंटारो तोयामा यांनी पुढे मांडलं की तंत्रज्ञान माणसांची आधीची ताकद आणि इच्छा फक्त वाढवतं. ती मुळातच नसेल तर ॲप ती तयार करू शकत नाही.

मग पैसे कोण देणार?

आयटीत ज्याला सेवा मिळते, तोच सहसा बिल भरतो. इथे सेवा घेणाऱ्याकडे पैसे नसतात आणि पैसे देणारा तिसराच असतो. एकाच प्रयोगशाळेतून निघालेल्या दोघांनी यावर वेगवेगळी उत्तरं शोधली.

डिजिटल ग्रीन ना-नफा राहिली. देणगीदारांचा निधी आणि सरकारी ग्रामीण उपजीविका अभियानासोबतचं काम, हा तिचा मार्ग. शॉन ब्लॅग्स्वेट यांनी २००७ मध्ये ‘बाबाजॉब’ सुरू केली. घरकामगार, ड्रायव्हर, सुरक्षारक्षक यांना काम मिळवून देणारी ही नफ्यासाठीची कंपनी होती. २०१७ मध्ये ती क्विकरनं विकत घेतली.

दोन्ही वाटांवर धोका आहे. देणगीदाराचं धोरण बदललं की काम थांबू शकतं. २०२५ मध्ये अमेरिकेनं यूएसएड गुंडाळल्यावर जगभरातल्या संस्थांनी ते अनुभवलं. गुंतवणूकदार घेतला तर जास्त पैसे देणाऱ्या ग्राहकाकडे वळण्याचा दबाव येतो.

तिसरी वाट ‘सेल्को’ची. हरीश हांडे १९९५ पासून गरीब घरांना आणि छोट्या विक्रेत्यांना सौर दिवे विकत आहेत. महिन्याला ३०० रुपये न परवडणारा विक्रेता रोजचे १० रुपये सहज देतो, हे त्यांनी ओळखलं आणि बँकांकडून त्या बेताचं कर्ज मिळवून दिलं. हांडे यांना २०११ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

सीएसआर आणि सोशल स्टॉक एक्स्चेंजचा आधार मिळतो का?

मिळतो, पण उशिरा. ५ कोटींहून जास्त निव्वळ नफा असलेल्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सीएसआरवर खर्च करावी लागते. मात्र हा निधी घेणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे किमान तीन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो.

सोशल स्टॉक एक्स्चेंजवर डिसेंबर २०२३ मध्ये बेंगळुरूच्या उन्नती फाउंडेशननं सुमारे १.८ कोटी रुपये उभारले. यातल्या रोख्यांवर व्याज नसतं आणि मुद्दलही परत मिळत नाही; ती एक प्रकारची पारदर्शक देणगीच असते. पण तिथेही ना-नफा संस्था किमान तीन वर्षं जुनी असावी लागते.

म्हणजे पहिली तीन वर्षं बचत, ओळखीच्यांच्या देणग्या, फेलोशिप किंवा विल्ग्रो, अनलिमिटेड इंडिया यांसारख्या इनक्युबेटरच्या मदतीवर काढावी लागतात. गृहकर्जाचा हप्ता आणि मुलांची फी असणाऱ्या चाळिशीतल्या माणसासाठी हाच खरा हिशेब आहे.

नोकरी सोडणं हाच एक पर्याय आहे का?

नाही. अनेक चांगल्या संस्थांकडे स्वतःची तंत्रज्ञान टीम नसते. याहूच्या सुरुवातीच्या इंजिनिअरांपैकी एक, डोनाल्ड लोबो यांचा ‘प्रोजेक्ट टेकफॉरदेव’ नेमकी हीच उणीव भरून काढतो. त्यांनी तयार केलेल्या ‘ग्लिफिक’ या ओपन सोर्स प्लॅटफॉर्ममुळे संस्थांना व्हॉट्सॲपवरून हजारो लोकांशी संवाद साधता येतो. अशा ठिकाणी अर्धवेळ काम करून, गावात वर्षभर ये-जा करून मग निर्णय घेता येतो.

हे महत्त्वाचं आहे, कारण अपयशाची किंमत एकटा उद्योजक भरत नाही. स्टार्टअपच्या जगात ॲप बंद पडलं की टीम दुसरं काहीतरी सुरू करते. गावात मात्र सल्ला चुकला तर शेतकऱ्याचा हंगाम जातो, आणि ज्या आशाताईंनी किंवा बचत गटाच्या अध्यक्षांनी घरोघरी जाऊन नावनोंदणी केली, त्यांना लोकांच्या प्रश्नांना तोंड द्यावं लागतं. पुढच्या वेळी चांगली योजना घेऊन कुणी आलं तरी त्याच दारांवर ‘मागच्यांचं काय झालं?’ असं विचारलं जातं.

म्हणून राजीनामा देण्याआधी दोन आकडे कागदावर हवेत: उत्पन्नाशिवाय घर किती महिने चालेल, आणि आपण मध्येच थांबलो तर गावातलं काम पुढे कोण आणि कोणत्या खर्चात चालवेल.