रेघ ओढायला लागणारा वेळ



नसरीन मोहमदी या चित्रकर्तीवर आपल्या अंकात पानं द्यायची ठरली, तेव्हा बैठकीत चांगलीच खडाजंगी झाली. वनहक्काचे दावे पडून आहेत, डाकीण ठरवून बायांना अजून मारहाण होते, आणि आपण नुसत्या रेघांच्या चित्रांवर लिहायचं? प्रश्न रास्त होता. त्यावर बोलणं चाललं असताना एकीनं विचारलं, "पण त्या चित्रांतून ती सांगते तरी काय?" आमच्या मते खरी मेख इथंच आहे.

बाईनं काढलेल्या चित्रानं काहीतरी सांगावं, शिकवावं, नाहीतर चार पैसे तरी आणावेत, अशी अपेक्षा असते. ती फक्त घरची माणसं करतात असं नाही. सरकारी योजना करतात आणि चळवळही करते. हुंडा, दारू, साक्षरता यांवरची पोस्टरं हवीच होती, पुढेही लागतील. पण पोस्टर रंगवणारीला त्यापलीकडे काही काढायचं असेल, ही शक्यताच सहसा कोणी धरत नाही.

नसरीनचा जन्म १९३७ सालचा, कराचीतला. आई लहानपणीच गेली. १९४४ मध्ये कुटुंब मुंबईला आलं. लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये ती शिकली, पुढे शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेली. मुंबईत भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये वासुदेव गायतोंडे, प्रफुल्ला डहाणूकर अशी मंडळी काम करत; तिथं तिलाही जागा मिळाली. १९७२ पासून ती बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवू लागली. बडोदा आपल्याला परकं नाही. अक्कलकुव्याहून ते मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहे, आणि मजुरीसाठी गुजरातची वाट तर आपल्या पाड्यांवर घरोघरी माहीत आहे.

त्या काळात बडोद्याचे बरेच चित्रकार माणसांच्या, घरांच्या, गल्ल्यांच्या गोष्टी चित्रांतून सांगू लागले होते. नसरीन त्यांच्यातच वावरली, पण काढत राहिली रेघा. कागदावर, पेन्सिलीनं आणि शाईनं, इंजिनिअरला नकाशे काढायला लागतात तसल्या साधनांनी. आधी आडव्या-उभ्या रेघांची जाळी, पुढे तिरप्या रेघा, मग कमानीसारखी वळणं. शेवटी शेवटी तर जवळजवळ कोऱ्या कागदावर मोजक्याच. मागावर ताणा लावलेला असतो त्याकडे बाजूनं पाहावं, तसं काही चित्रं बघताना वाटतं. माणूस नाही, झाड नाही. चित्रांना नावं नाहीत, बहुतेकांवर तारखाही नाहीत. मज्जासंस्थेच्या आजारानं हळूहळू तिचा हालचालींवरचा ताबा सुटत गेला, तरी कागदावरची रेघ थरथरलेली दिसत नाही. अलिबागजवळच्या किहीमला १९९० मध्ये ती गेली, तेव्हा पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं २०१६ मध्ये आधुनिक कलेसाठी नवी शाखा उघडली, तेव्हा पहिल्या प्रदर्शनांत एक तिचं होतं. जिवंतपणी यातलं थोडंच तिच्या वाट्याला आलं.

तिची तुलना अमेरिकेच्या अ‍ॅग्नेस मार्टिनशी करायची पद्धत आहे. आम्हाला मात्र ली क्रॅस्नर आठवते. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कमध्ये अमूर्त अभिव्यक्तिवादी म्हणून जी पिढी गाजली, तिच्यातली ही एक (१९०८–१९८४). तिचे गुरू हान्स हॉफमन यांनी तिची तारीफ केली ती अशी, की हे बाईचं काम आहे असं वाटतच नाही! १९४५ मध्ये जॅक्सन पोलॉकशी लग्न झालं आणि दोघं गावाकडे राहायला गेली. घराशेजारचं कोठार त्याला मिळालं. तो तिथं जमिनीवर मोठाले कॅनव्हास पसरून रंग ओतायचा. हिच्या वाट्याला माडीवरची झोपायची खोली. त्या वर्षांतली तिची चित्रं लहान आहेत, बारीक बारीक खुणांनी गच्च भरलेली. लहान काम हा बाईचा स्वभावच, असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी आधी खोलीचं माप घ्यावं. १९५६ मध्ये पोलॉक मोटार अपघातात गेला. पुढे ती कोठारात काम करू लागली, आणि चित्रं भिंतीएवढी झाली. तिच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात पोहोचलं ते डिसेंबर १९८४ मध्ये. त्याच वर्षीच्या जूनमध्ये ती वारली होती.

नसरीन सुखवस्तू घरातली होती, हे नजरेआड करून चालणार नाही. तिच्यापाशी टेबल होतं, पगार होता, दार लावून घेता येत होतं. नर्मदेपलीकडे छोटाउदेपूर, अलीराजपूर, झाबुआकडे भिंतीवर पिठोरा लिहितात, तो लिहिणारे लखारा पुरुषच. बायांनी तो लिहायचा नाही अशी रीत. त्याच मुलखातल्या पिटोलच्या भुरीबाई भोपाळला भारत भवनाच्या बांधकामावर मजुरी करत होत्या. १९८२ मध्ये हे भवन उघडलं. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांना कागद आणि रंग दिले, शिवाय दिवसाची मजुरी बुडणार नाही असे पैसेही दिले. २०२१ मध्ये भुरीबाईंना पद्मश्री मिळाली. ही गोष्ट सांगताना लोक कागद-रंगांवर थांबतात. आमचं बोट मजुरीवर आहे. तो दिवस भरून निघाला नसता, तर त्या बाईनं पाटी खाली ठेवून कुंचला कसा हातात घेतला असता?

आपल्याकडे शेणामातीनं भिंत सारवताना ओल्या मातीत बोटांनी अर्धगोलांच्या ओळी उठवतात. त्यांचा अर्थ कोणी विचारत नाही, आणि ज्या हातांनी त्या उठवल्या त्यांचं नावही. पाण्याच्या खेपा, सरपण, शेत यांतून उरलेल्या वेळात ते होतं, आणि पावसाळ्यानंतर पुन्हा सारवावं लागतं. त्याला उगाच कलेची झूल चढवायला नको. तेही कामच आहे. मात्र त्याच हाताला कागद मिळाला, दोन दिवसांची सवड मिळाली आणि कुणी विषय दिला नाही, तर काय निघेल ते बघण्याची आम्हाला उत्सुकता आहे.

म्हणून पुढच्या शिबिरात दोन दिवस नुसते चित्रांचे ठेवावेत असा आमचा प्रस्ताव आहे. घोषवाक्य नाही, स्पर्धा नाही, विक्रीचं प्रशिक्षण नाही. लहान मुलांना सांभाळायला वेगळ्या मैत्रिणी असतील. येणाऱ्या प्रत्येकीला दोन्ही दिवसांची मजुरी द्यायची. बैठकीत मघाचा प्रश्न विचारणाऱ्या मैत्रिणीनंच शिबिराचा हिशेब लिहायचं कबूल केलं आहे, आणि तिचं म्हणणं पक्कं आहे: कागद-रंग कुणीही देईल, आधी मजुरीचे पैसे जमवा. ते अजून जमायचे आहेत.