गाबा, ब-६ आणि आपली जबाबदारी

मेंदूतील चेतापेशी ग्लुटामेट या उत्तेजक अमिनो आम्लापासूनच गाबा हे अवरोधक अमिनो आम्ल निर्माण करतात. या रूपांतरास ब-६ जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप अनिवार्य असते. क्षयावरील आयसोनियाझिडमुळे ते घटते. अतिमात्रेत गाबा अपुरा पडून आक्षेप येतात. म्हणूनच निद्रानाशात तगर वा जटामांसी योजण्यापूर्वी रुग्णाची चालू औषधे विचारणे, हे वैद्याचे प्रथम कर्तव्य आहे, असे आम्ही मानतो. केवळ शामक द्रव्याने मूळ उणीव भरून निघत नाही. फार्मसीचालकांनीही पुराव्याविना ‘गाबावर्धक’ असे लेबलावर छापू नये. अपस्मारावरील उपचाराच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाईच आहे. सर्व व्यवसायबंधूंनी याचा गांभीर्याने विचार करावा, ही विनंती.